पन्नास रुपयांची पावती आणि फुटलेली काच

आमच्या जुन्या ट्रेकच्या ग्रुपवर आठवडाभर एकच विषय चाललाय. ग्रुपमधल्या एकाची गाडी किल्ल्याच्या पायथ्याला लावलेली होती, काच फोडून मागच्या सीटवरची लॅपटॉपची बॅग गेली. वाईट झालं, त्याबद्दल वादच नाही. पण त्यावर जे मेसेज पडले ते वाचून माझं डोकं फिरलं. काय तर म्हणे, पायथ्याचे गाववाले पन्नास रुपये पार्किंगचे घेतात आणि जबाबदारी घेत नाहीत, ही सरळ खंडणी आहे. गावातल्याच पोरांचं काम असणार. आणि मग ते हमखास येणारं वाक्य, की अमेरिकेत बघा, डोंगराखाली गाडी लावून दिवसभर भटका, कोणी हात लावत नाही.

हे लिहिणारा इथे अमेरिकेत सुट्टीत येऊन गेलाय. मी सिएटलजवळ राहतो, उन्हाळ्यातले शनिवार-रविवार आमचे आय-नाइंटी हायवेवरच्या डोंगरांतच जातात, म्हणून सांगतो, हे साफ खोटं आहे. रॅटलस्नेक लेज घ्या, माउंट साय घ्या, मेलबॉक्स पीक घ्या, गाडीतून उतरल्यावर आम्ही आधी खाली जमिनीकडे बघतो. काचेचा चुरा दिसला की तिथे गाडी लावायची नाही, पुढे जायचं. मौल्यवान वस्तू गाडीत ठेवू नका असा बोर्ड असतो आणि तो बोर्ड हीच तिथली सगळी सुरक्षा. माणूस म्हणून कोणी नसतं.

आमचीही फुटली, गेल्या वर्षी. आत मुलीच्या कोरड्या कपड्यांची जुनी सॅक होती, तेवढी गेली. मोबाईलला रेंज नाही, मागच्या सीटवर काचेचे दाणे, पोरगी रडतेय, त्या अवस्थेत खाली हायवेच्या एक्झिटपर्यंत आलो. मग पोलिसांचा ऑनलाइन फॉर्म भरायचा, ईमेलवर केस नंबर येतो, झालं. माणसाचा फोन आजतागायत आला नाही. काचेचं बिल डिडक्टिबलच्या, म्हणजे इन्शुरन्सआधी आपण भरायच्या रकमेच्या आतलं, सगळं खिशातून. आणि गाडीतलं सामान गाडीच्या इन्शुरन्समध्ये धरत नाहीत, ते घराच्या इन्शुरन्समध्ये जातं, तिथला डिडक्टिबल त्याहून मोठा. परतताना मी फक्त हाच विचार करत होतो की एवढ्या गाड्या उभ्या होत्या, एवढे लोक आले-गेले, आणि विचारायला कोणी नाही.

आता जरा चोराच्या बाजूने बघा. डोंगराखाली उभी गाडी म्हणजे मालक चार तास तरी येत नाही ही खात्री. बाजूची काच फोडायला अर्धा मिनिटही लागत नाही. गाडीत बसून कोण कुठली बॅग डिकीत टाकतंय हे बघत बसणारेही असतात, म्हणून पार्किंगमध्ये पोचल्यावर सामान डिकीत टाकायचं नाही, टाकायचंच तर घरून निघताना टाकायचं, आणि त्यातही पाकीट, पासपोर्ट, लॅपटॉप नाही. क्रेडिट कार्ड गेलं तर तुम्ही वर पोचेपर्यंत खाली कुठल्यातरी दुकानात ते घासून झालेलं असतं. गॅरेजचा रिमोट आणि पत्ता असलेले कागद एकत्र गेले तर घर पण गेलं समजा, म्हणून आम्ही रिमोट सॅकमध्ये घालून चढतो. रिमोट घेऊन डोंगर चढणारे लोक आहोत आम्ही, आणि तुम्ही मला सांगताय की इथे गाडीला हात लागत नाही.

बरं, पैसे आम्ही पण देतो. इथल्या राज्य सरकारच्या पार्कांत आणि जमिनींवर गाडी लावायला लागणारा डिस्कव्हर पास वर्षाला ३० डॉलर होता, २०२५च्या ऑक्टोबरपासून ४५ झाला. एका दिवसाचा १०. गाडीत लावला नाही तर ९९ डॉलर दंड. त्या पैशातून वाटा आणि संडास नीट राहतात, ते मान्य, मी आनंदाने देतो. पण गाडी फुटली तर कोणी जबाबदार नाही, आणि त्याला इथे कोणी खंडणी म्हणत नाही. तिकडे पन्नास रुपये मागितले की मात्र लगेच लूट. राजगडाखालच्या गुंजवण्यात, हरिश्चंद्रगडाखालच्या पाचनईत, कळसूबाईखालच्या बारीत ज्याच्या अंगणात तुम्ही गाडी लावता त्याची ती जमीन आहे, पावसाळ्यात तुमच्या गाड्यांनी तिथे चिखल होतो, ओढ्यात चिप्सची पाकिटं पडतात, तो शिव्या न देता भाकरी-पिठलं वाढतो. आणि संध्याकाळी उतरायला उशीर झाला तर 'ती एमएच बारा अजून खाली आली नाय' हे ज्याच्या लक्षात राहतं तो माणूस तोच. अशा माणसाचे महिन्याचे किती द्यायला पडतील ते इथल्या पार्क खात्याला विचारा.

मुद्दा एवढाच आहे माझा. कॅमेरा म्हणा, बोर्ड म्हणा, त्याने चोर फार तर टोपी खाली ओढतो. पार्किंगमध्ये कोणीतरी बसलेलं असणं, आणि त्या बसण्यात त्याचा काहीतरी फायदा असणं, यानेच गाडी वाचते. इथलंच उदाहरण देतो. मिडल फोर्क स्नोक्वाल्मी नदीचं खोरं एकेकाळी चोरीच्या गाड्या आणून टाकायला, कचरा फेकायला, बंदुका चालवायला बदनाम होतं, पोराबाळांना घेऊन तिकडे जायला लोक घाबरायचे. नव्वदच्या दशकापासून स्वयंसेवकांनी तिथला कचरा उपसला, वाटा झाल्या, नंतर रस्ता डांबरी झाला, लोकांची वर्दळ वाढली आणि वाईट धंदे बरेच आटले. काचा आजही फुटतात तिथे, पण खोरं माणसांत आलं. सह्याद्रीत पायथ्याचं गाव आधीपासून आहे, शेकडो वर्षं आहे, आणि आपण त्यालाच चोर ठरवून मोकळे. पुरावा काय? तर पोरं टपरीवर बसलेली असतात. अरे, ती बसलेली असतात म्हणून तर बाकीच्या गाड्या शाबूत आहेत!

जबाबदारीचं म्हणाल तर त्यातही सरसकट बोलू नका. दिल्लीच्या ताज महाल हॉटेलातून १९९८ साली एक मारुती झेन चोरीला गेली होती, त्यावर सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये निकाल दिला की व्हॅले पार्किंगला किल्ली हातात घेतली की पावतीवर 'मालकाच्या जबाबदारीवर' छापून हॉटेलला सुटता येत नाही, नीट काळजी घेतली होती हे दाखवावं लागतं. पायथ्याला पावती फाडणाऱ्या मामांना तुम्ही किल्ली देत नाही, तुम्ही जागा वापरता. दोन्हीत फरक आहे. सिंहगडावर नाक्यावर जे उपद्रव शुल्क घेतात ते आणखी वेगळं, ते गडावर गाडी नेल्याबद्दल आहे, राखणीचं नाहीच. सगळ्या पावत्या एका टोपलीत टाकून भांडायचं, मग भांडण कधी संपत नाही.

भांडायचंच असेल तर कामाचं मागा. पावतीवर गाडीचा नंबर आणि वेळ लिहा म्हणावं, मागे एक मोबाईल नंबर. शेवटची गाडी हलेपर्यंत एकजण थांबेल, त्याचे वीस रुपये जास्त घ्या. गाड्या झाडीत आडोशाला न लावता घरांसमोर, दिसतील अशा लावा. फुटलीच तर ग्रामपंचायतीने पोलिसांत कळवायला बरोबर यायचं. एवढं गावं करतील, मला खात्री आहे, कारण बदनामी झाली तर पुढच्या रविवारी भाकऱ्या त्यांच्याच उरतात. आणि शुक्रवारी हिंजवडीतून परस्पर निघून ऑफिसचा लॅपटॉप सीटवर ठेवून गडावर जाणं आधी बंद करा. कॉलेजात स्वारगेटवरून एसटीने जायचो तेव्हा फोडायला गाडीच नव्हती आपल्याकडे. इथे किंग काउंटीने २०१७ पासून सीझनमध्ये ट्रेलहेड डायरेक्ट म्हणून बस चालवली, आम्ही माउंट सायला तिनेही गेलोय, कारवाले मित्र हसले, हसू देत.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं तर एकाने उत्तर दिलं, तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस. लागलं मला ते. कारण खरं सांगतो, या पन्नास रुपयांसाठी मी एवढा का भांडतोय ते मलाही ते वाचल्यावर कळलं. इथे मला घर आहे, सिटिझनशिप आहे, शेजारी हात हलवतात, पण डोंगरावरून मी खाली आलो की नाही हे बघणारं बायको सोडून कोणी नाही. मेलबॉक्स पीकवरून अंधार पडता पडता उतरलो की पार्किंगमध्ये माझी एकटी गाडी असते. गुंजवण्यात तसं कधीच झालं नाही. तिथे कोणीतरी विचारायचंच, बाकीचे कुठंयत, पाणी पाहिजे का, आणि पुण्याचे का तुम्ही. त्या गावाचा मी कोणी लागत नाही, तेव्हाही नव्हतो, तेव्हाही आम्ही शहरातून आलेली पोरंच होतो. तरी मला वाटतं की ते माझं आहे, आणि तुम्ही रोज जाऊ शकता अशा त्या माणसांना घरबसल्या चोर म्हणता तेव्हा मला सहन होत नाही. याला तुम्ही हक्क म्हणा नाहीतर आगाऊपणा म्हणा, मी ग्रुप सोडणार नाही.

डिसेंबरात येतोय. राजगड ठरवा, गाडी मामांच्या अंगणात लावायची आणि पावतीचे पैसे सगळ्यांचे मी देतो. ज्याचा लॅपटॉप गेला त्यानेही यावं, आणि पावतीवर नंबर लिहायचं त्यानेच समोर बसून त्यांच्याशी बोलावं, फोनवर नाही.