अंशतः समुद्रदर्शन

नॉर्वेतल्या बर्गनला जायचं हे एका संध्याकाळी ठरलं. बर्गनमध्ये राहायचं कुठे, यात पुढच्या सतरा संध्याकाळी गेल्या.

मुलगी ऑस्लोला असते. ती म्हणाली, "बाबा, तिकडे सगळंच महाग आहे, कुठेही राहा." हा काय सल्ला झाला? पण तिने रेल्वेची तिकिटं काढून दिली आणि हात झटकले.

पहिला अडथळा आठाच्या पाढ्याचा. नॉर्वेचा एक क्रोन तेव्हा साधारण आठ रुपयांना पडत होता, हे कळल्यापासून आमची ही दिसेल त्या आकड्याला आठाने गुणायला लागली. खोलीचा फोटो नीट उघडायच्या आत "अठराशे आठे चौदा हजार चारशे!" असा पुकारा व्हायचा आणि खोली बाद. एका खोलीतली खिडकीजवळची खुर्ची मला फार आवडली होती. ती मी अजून विसरलेलो नाही.

माझा जीव ब्रिगनमध्ये अडकला होता. बंदराच्या काठावर तांबड्या-पिवळ्या लाकडी घरांची ती रांग, १७०२ च्या आगीनंतर पुन्हा बांधलेली, १९७९ पासून युनेस्कोच्या यादीत. त्याच्या समोरच उतरायचं, खिडकीत चहाचा कप घेऊन बसायचं, एवढीच माझी मागणी.

"स्वयंपाकघर आहे का?" हिने विचारलं.

मग मी वाचलेलं सगळं सांगून टाकलं. १३६० च्या सुमारास जर्मन व्यापाऱ्यांनी तिथे पेढी थाटली. लाकूड पेटेल म्हणून राहत्या घरात विस्तवाला बंदी, त्यामुळे ऊब आणि गरम जेवण हवं तर मागच्या वेगळ्या इमारतीत जायचं. शिवाय तिथे असेपर्यंत लग्न करायचीही मनाई. "म्हणजे कुठे राहायचं हा प्रश्न त्यांनी मुळातच निकालात काढला होता," असं मी म्हणालो. हे शेवटचं वाक्य गिळायला हवं होतं. ती संध्याकाळ वाया गेली.

नंतर नकाशा. नकाशासारखी लबाड वस्तू नाही. बर्गन डोंगरांच्या कुशीत वसलंय, पण नकाशावर ते पोळपाटासारखं सपाट दिसतं. फ्लॉयन डोंगराच्या उतारावर एक झकास खोली मिळत होती, स्टेशनपासून बोटभर अंतरावर. रस्त्याचे फोटो उघडले तर तो रस्ता नव्हताच, पायऱ्या होत्या. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा आणि माझे गुडघे! या डोंगरावर चढायला तिथल्या लोकांनी १९१८ सालीच दोरखंडाने ओढायची रेल्वे बांधली, यावरूनच मी ओळखायला हवं होतं.

लोकांचे अभिप्राय वाचावेत तर आणखी घोळ. एकाच खोलीबद्दल एक जण लिहितो, "निवांत, अप्रतिम." दुसरा लिहितो, "पहाटे चारपासून सीगल बोंबलतात." आणि पावसाबद्दल सगळ्यांचं एकमत. त्याची मात्र आम्हाला भीती नव्हती. मुंबईत चार महिन्यांत कोसळतो साधारण तेवढाच पाऊस बर्गनला वर्षभर पुरवून पुरवून पडतो. कोकणातल्या माहेरवाशिणीला पावसाचं काय सांगता, असं ही म्हणाली आणि छत्र्या घ्यायला विसरली.

अठराव्या संध्याकाळी नोर्डनेसवर शिक्का बसला. बंदराच्या कडेने समुद्रात घुसलेलं ते भूशिर, अरुंद गल्ल्या, पांढरी लाकडी घरं. त्यातल्या एकाचा पोटमाळा. वर्णनात लिहिलं होतं: स्वयंपाकघर आहे, चढ मध्यम, अंशतः समुद्रदर्शन.

मध्यम चढाबद्दल मी बोलणार नाही. पोहोचल्यावर आधी तुळईला डोकं आपटलं, मग पलंगावर दोन वेगळ्या, एकेकट्याच्या दुलया दिसल्या. ही म्हणाली, "बरं झालं, रोजची ओढाताण वाचली." जूनमधली रात्र, दहा वाजले तरी लख्ख उजेड. मी सगळ्या खिडक्यांतून पाहिलं. समोरच्याचं छप्पर, शेजारच्याचं छप्पर, पलीकडची चिमणी. समुद्र कुठेच नाही.

तोवर हिने बॅगेतून मूगडाळ, तांदूळ, मसाल्याचा डबा काढला होता. खिचडीसाठी तूप तापलं, जिरं तडतडलं, हिंग पडला, मिरच्या पडल्या, आणि छतावरचा स्मोक अलार्म असा किंचाळला की ते जर्मन व्यापारी थडग्यात उठून बसले असतील.

"अहो, खिडकी उघडा! पंचा हलवा!"

मी पंचा फिरवत फिरवत धूर बाहेर ढकलू लागलो. खालच्या गल्लीत छत्री घेतलेल्या एक आजीबाई मान वर करून बघत उभ्या राहिल्या. त्यांना हात जोडावेत म्हणून मी कमरेपर्यंत बाहेर वाकलो, आणि डावीकडे, दोन छपरांच्या फटीत, तीन बोटं रुंदीचा, करडा, ओला समुद्र दिसला.

"अगं, दिसला! समुद्र दिसला!"

"असू दे. जिऱ्याचा वास गेला का ते बघा आधी."