‘एक पालक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात मी लिहिलं होतं की दहा वर्षांखालच्या मुलांना एकाच खेळाला जुंपू नका, त्यांना सगळं खेळू द्या. त्यावर बाणेरहून ‘एक पालक’ अशा सहीने लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. तिथेच खाली दोन ओळी लिहून भागलं असतं. पण त्यातलं एक वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून वेगळं लिहिते आहे.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी त्यांचं म्हणणं थोडक्यात सांगते. पुण्यात मोकळी मैदानं राहिलेली नाहीत. दोघंही नोकरी करत असतील तर संध्याकाळी पाच वाजता मुलाला मैदानावर नेणार कोण? ॲकॅडमीची व्हॅन दारात येते, मूल सुखरूप परत येतं. लहानपणीच एक खेळ धरला नाही तर पुढे काही होत नाही. खो-खो आणि लंगडी खेळून कुणाचं भलं झालंय? शिवाय मी एक साल चुकवलं आहे. आणि शेवटी हे: ‘मावशी, ज्यांच्या अंगाला मैदानाची धूळ लागलेली नाही, त्यांनी घरबसल्या पालकांना शहाणपण शिकवू नये.’

सालाचं आधी मिटवते. खो-खोचे नियम ठरवायला डेक्कन जिमखान्यावर समिती बसली ती १९१४ मध्ये, मी १९२४ लिहिलं होतं. चूक माझीच. लेखात दुरुस्ती केली आहे, आणि दाखवून दिल्याबद्दल आभार. चूक दाखवली म्हणून मी कधी रागावत नाही, जुने वाचक सांगतील.

आता धूळ.

१९७९ साली, नऊ वर्षांची असताना, मी सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यातून पहिल्यांदा खो-खोच्या संघावर गेले. शेजारची मोठी मुलगी हाताला धरून घेऊन गेली होती. पहिले पंधरा दिवस मला कुणी पळूच दिलं नाही, नुसतं पाटीवर, म्हणजे मैदानाच्या मधल्या पट्ट्यावर, बसायला शिकवलं. पाटीवर बसणं म्हणजे मांडी घालून बसणं नव्हे. चवडे रोवायचे, टाचा उचललेल्या, बोटांची टोकं मातीत, नजर पळणाऱ्या मुलीवर. मागून पाठीवर थाप आणि ‘खो’ एकदम आलं की त्याच क्षणी सुटायचं. जरा आधी सुटलात की फाऊल. एकदा एका बाजूला निघालात की मागे फिरायचं नाही, खांबापर्यंत जाऊनच वळायचं. हे सगळं अंगात भिनायला मला एक सबंध हिवाळा लागला.

खेळण्याआधी मैदानावर पाणी मारायचं, फक्कीने रेषा आखायच्या. ती फक्की वाऱ्याने डोळ्यांत जायची. घरी आल्यावर आई मला आधी मोरीत उभं करायची, कारण फ्रॉकपासून वेणीपर्यंत माती असायची. खांबाजवळ सूर मारताना फुटलेल्या उजव्या गुडघ्याचा वण अजून आहे. कॉलेज संपेपर्यंत खेळले. सणस मैदानावर सामने असले की आम्ही मुली तिथपर्यंत चालत जायचो आणि हरलो तर रडत चालत यायचो. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचं संकुल उभं राहिलं, तेव्हा संघातल्या आम्ही सहा-सात जणी पीएमटीच्या बसने ते नुसतं बघायला गेलो होतो. तेव्हा शेजारचं आपलं बाणेर पुण्याबाहेरचं गाव होतं, हेही सांगून ठेवते.

मग लग्न, बँकेतली नोकरी, खंड पडला. २००८ पासून कर्वेनगरमध्ये एका शाळेच्या मैदानावर शनिवार-रविवार सकाळी साडेसहा ते आठ मी मुलांना खेळवते. करोनाची दोन वर्षं सोडली तर खंड नाही. एक रुपया फी घेत नाही. तेव्हा माझ्या अंगाला धूळ लागली आहे की नाही, हे ठरवण्याआधी एकदा विचारायचं होतं.

आणि विचारायचं तर नाव घालून विचारायचं. मी इथे स्वतःच्या नावाने लिहिते, चुकले तर त्याच नावाने चूक कबूल करते. आपण मात्र ‘एक पालक’ होऊन बोलायचं आणि समोरच्या बाईला ‘मावशी’ म्हणायचं, ही कुठली पद्धत? मावशी या नात्याबद्दल मला आदरच आहे. पण ज्या वाक्यात आपण तो शब्द वापरलात त्यात जिव्हाळा नव्हता, ‘तुम्हाला काय कळतंय’ एवढंच होतं. ‘घरबसल्या’ हा शब्दही तसाच. दुपारी घरी दिसणाऱ्या बाईला बाहेरचं काही माहीत नसतं, हे त्यात धरूनच चाललेलं आहे. मी ३१ वर्षं नोकरी केली. संध्याकाळी सातला घरी येऊन कुकर लावला आणि मग मुलीचा अभ्यास घेतला. घरबसल्या असं काहीही केलेलं नाही.

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहीत बसत नाही. मैदानं कमी झाली हे खरं, पण शोधली की सापडतात. नोकऱ्या आम्हीही केल्या आणि मुलंही वाढवली. व्हॅनचा विषय पुन्हा कधीतरी. खो-खो खेळून काय भलं होतं याचं उत्तर जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत मिळालं, पहिल्या विश्वचषकात आपले पुरुषही जिंकले आणि महिलाही.

‘लहानपणीच एक खेळ धरला नाही तर काही होत नाही’ यावर मात्र बोलायला हवं, कारण हे वाक्य मला प्रत्येक शनिवारी कुणीतरी ऐकवतं. जिम्नॅस्टिक्ससारख्या खेळांना लवकर लागावं लागतं, हे मी लेखात लिहिलं होतं. तो परिच्छेद आपण वाचलेला दिसत नाही. बाकी बहुतेक खेळांना ते लागू नाही. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी किमान ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल सांगते, पण ती एकाच खेळाने व्हावी असं कुठेही म्हणत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तर एकाच खेळाला वाहून घेणं १५-१६ वर्षांपर्यंत लांबवा म्हणते. लंगडीत एका पायावर तोल राहतो, लगोरीत नेम आणि पळ दोन्ही लागतात, मल्लखांबावर हातांची पकड येते. हे सगळं अंगात आल्यावर मूल पुढे कुठलाही खेळ धरो, कोरं जात नाही.

हे मी स्वतःच्या घरात किंमत मोजून शिकले. माझी मुलगी आठव्या वर्षी बॅडमिंटनच्या ॲकॅडमीत गेली. तिला तिथे मीच घातलं. मला मिळालं नाही ते तिला मिळावं, रीतसर प्रशिक्षण, चांगले बूट, लाकडी कोर्ट. दोन वर्षांनी ती सकाळी पलंगावरून उतरून मोरीपर्यंत चवड्यांवर चालत जायला लागली. मला वाटलं, खेळ चाललाय तिचा. प्रशिक्षक म्हणाले, सराव चुकवायची नाटकं आहेत. मी त्यांचं ऐकलं. दीड महिना पोर तशीच खेळली. मग हाडांच्या डॉक्टरांनी तिची टाच दोन्ही बाजूंनी बोटांत धरून दाबली आणि ती टेबलावरून उडालीच. त्यांनी समजावून सांगितलं की या वयात टाचेचं हाड वाढत असतं, मागच्या टोकाला कूर्चेचा थर असतो आणि पोटरीच्या स्नायूला टाचेशी जोडणारी जाड दोरी (कंडरा) नेमकी तिथेच ओढते. रोज त्याच उड्या, रोज त्याच जागेवर ताण. विश्रांतीने बरं होतं, पण विश्रांती द्यावी लागते.

ती बरी झाली. रॅकेट मात्र पुन्हा हातात घेतली नाही, आणि मीही घे म्हटलं नाही. ते साल २००८. शनिवारचा वर्ग त्याच वर्षी सुरू केला.

आपल्या प्रतिक्रियेत मधेच एक ओळ आहे, बहुधा सहज लिहून गेलात. ‘माझा नऊ वर्षांचा मुलगा आठवड्यातून सहा दिवस दोन-दोन तास फुटबॉल खेळतो, सकाळी जरा लंगडतो, पण कोच म्हणतात सवय होईल.’ सहा दिवसांचे बारा तास झाले. मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त तास आठवड्याला सराव नको, असा ढोबळ हिशेब क्रीडावैद्यकातले डॉक्टर सांगतात, आणि आठवड्यातून निदान एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी हवी म्हणतात. आपल्या मुलाचं वय नऊ आहे.

वर जे चिडून लिहिलं ते बाजूला ठेवा, मागे घेत नाही, पण ठेवा. उद्या सकाळी तो उठल्यावर पहिली दहा पावलं कशी टाकतो ते बघा. टाच दोन्ही बाजूंनी हलकेच दाबून पाहा. दुखली तर कोचना विचारत बसू नका, डॉक्टरांकडे न्या. आणि काय निघालं ते मला कळवा, नाव न लिहिता कळवलंत तरी चालेल.