टेकडीवरचा ‘शाळिग्राम’ आणि बदलती नावं

तळहातावर ठेवलेल्या वेटोळ्या दगडाचा फोटो आणि खाली मजकूर: वेताळ टेकडीवर शाळिग्राम सापडतात, ते गोगलगायींचे दगड झालेले शंख आहेत, आणि शास्त्रज्ञ त्यांची नावं सारखी बदलतात कारण त्यांनाच नक्की काही ठाऊक नाही. पुण्यातल्या निम्म्या ग्रुपांवर हा मेसेज येऊन गेलाय.

टेकडीचं लगेच मिटवू. वेताळ टेकडी बेसाल्टची, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेल्या लाव्ह्याची. शाळिग्राम म्हणजे दगड झालेला अमोनाइट. अमोनाइट हा समुद्रातला प्राणी, तो सापडणार समुद्रतळाच्या गाळापासून झालेल्या खडकात. शाळिग्राम येतात नेपाळातल्या काली गंडकीतून. टेकडीवर दिसतात ते कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल धोंडे.

गोगलगायही नाही. तिचा शंख आतून सलग पोकळ असतो. अमोनाइटचा मधोमध कापा: पडद्यांनी पाडलेले कप्पे दिसतात, आणि बाहेरच्या कडेने एक बारीक नळी जाते. नातं माकूळ-ऑक्टोपसशी.

आता नावं. १९व्या शतकाच्या पूर्वार्धात जवळपास सगळे ‘अमोनाइट्स’ या एकाच वंशाच्या पोतडीत टाकले जात. कच्छच्या एका जातीला सॉवर्बी या इंग्लिश अभ्यासकाने १८४० साली ‘अमोनाइट्स माया’ म्हटलं. १९२४ मध्ये स्पाथ या जीवाश्मतज्ज्ञाने तिच्यासाठी ‘मायाइटिस’ हा वेगळा वंश काढला. बदललं ते आडनाव, म्हणजे वंशाचं नाव. ‘माया’ तिथेच आहे. सॉवर्बीचं नाव आता कंसात छापतात, म्हणजे जात त्याने मांडली, वंश नंतर बदलला. आधी प्रसिद्ध झालेलं वैध नाव टिकतं, हा नियम. यात गोंधळ कुठे आहे?

खऱ्या चुका होतात त्या वेगळ्याच. पडदा शंखाला जिथे चिकटतो ती शिवण, तिची नक्षी ओळखीसाठी फार मोलाची. ती दिसते कवच निघालेल्या साच्यावर, म्हणजे शंखात भरून दगड झालेल्या गाळावर. चकाकी आणायला साचा जास्त घासला की बारीक दाते जातात आणि नक्षी आहे त्याहून साधी दिसते. पिल्लाची शिवणही साधीच, म्हणून चित्राशेजारी त्या जागेची वेटोळ्याची उंची लिहायलाच हवी.

दुसरी चूक आकाराची. एकाच जातीचा एक प्रकार मोठा, दुसरा लहान, आणि लहानाच्या तोंडाशी बऱ्याचदा कानासारखे दोन पट्टे. बहुधा मादी आणि नर. जुन्या लोकांनी त्यांना दोन जाती, कधी दोन वंशही मानलं. मग लहान शंख पिल्लू की प्रौढ? प्रौढाचे शेवटचे काही पडदे एकमेकांना खेटलेले असतात. दोघांची आतली वेटोळी सारखी निघाली, थरही एकच, तर जात एक धरतात आणि आधीचं नाव ठेवतात.

मेसेजमधल्या फोटोत मोजपट्टी नाही, थराचा पत्ता नाही, तोंडाची कड तुटलेली आणि वर तेल चोपडलेलं. त्यावरून वंशसुद्धा सांगता येणार नाही.