सफरचंदांचं गुऱ्हाळ आणि सत्तर तास

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी साडेआठला मी सफरचंदांची चार पोती घेऊन रांगेत उभा होतो आणि खिशातला फोन सारखा थरथरत होता. घरच्या ग्रुपवर पुन्हा आठवड्याला ‘सत्तर तास’ काम करावं का, हा वाद निघाला होता. निमित्त राज्य मंत्रिमंडळाच्या सप्टेंबर २०२५ मधल्या निर्णयाचं: कारखान्यांत दिवसाच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा, दुकानं आणि आस्थापनांत नऊवरून दहा. भाऊ हिंजवडीत आयटीत आहे. त्याने एकच ओळ टाकली होती, ‘आमचे बारा कधीच झाले, आता कागदावर येतील.’ त्यावर आमच्या काकांचं उत्तर आलं. काका बँकेतून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली आणि दुपारी दोन ते चार ते कुणाचाही फोन घेत नाहीत. ‘देश असेच उभे राहतात. जर्मन लोक युद्धानंतर राखेतून उठले ते सुट्ट्या मोजत बसून नव्हे. विचारा त्याला, तो तिथेच आहे.’

‘तो’ म्हणजे मी. जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या एका गावात बारा वर्षं झाली.

काकांचा मुद्दा त्यांचा स्वतःचा नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं असं म्हटलं, तेव्हा दाखला जर्मन आणि जपानी लोकांचाच दिला होता. मग जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचं नव्वद तासांचं आणि ‘घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार’ हे वक्तव्य गाजलं. दोन्ही वेळा मी गप्प बसलो. परदेशात राहणाऱ्याने घरच्या वादात तोंड घातलं की ‘तुला काय जातंय तिकडून बोलायला’ हे ठरलेलंच, आणि ते अगदी खोटंही नाही. पण यंदा नाव घेऊन विचारलंय, म्हणून सांगतो.

आधी सफरचंदांचं. आमच्या भागात डोंगरउतारांवर गवतात विखुरलेली जुनी, उंच फळझाडं असतात. फवारणी नाही, छाटणी कधीमधी. मालक म्हातारे झालेले, फळ जमिनीवर पडून कुजतं. म्हणून काही गावांत मालक झाडाला पिवळी फीत बांधतात. पिवळी फीत म्हणजे या, तोडा, न्या, विचारायला नको. आम्ही दोघं आणि आठ वर्षांची लेक अशा तिघांनी दोन संध्याकाळी पोती भरली. कीड लागलेलं चालतं, सडकं नाही. मग ती घेऊन फळं पिळून देणाऱ्याकडे जायचं. हौदात पोतं रिकामं झालं की सफरचंदं पाण्यातून खडखडत वर चढतात, भरडली जातात, तो लगदा फडक्यांच्या घड्यांमध्ये थरावर थर रचून दाबतात आणि खाली तपकिरी, फेसाळ रस पडायला लागतो. शंभर किलोला साधारण साठ-पासष्ट लिटर. तो ऐंशी अंशांच्या आसपास तापवून पाच-पाच लिटरच्या पिशव्यांत भरून देतात. न फोडता ठेवला तर वर्षभर टिकतो. चोथा हरणांना घालायला शिकारी लोक घेऊन जातात.

लेकीला मी म्हटलं, हे आपलं गुऱ्हाळ. ती म्हणाली, गुऱ्हाळ म्हणजे काय? मग रांगेत उभ्या उभ्या तिला चुलाण, काहील, काकवी सगळं सांगितलं. पुढच्या आजीबाईंना वाटलं मी तिला रागवतोय. आपलं मराठी जरा मोठ्यानेच असतं. घरी येऊन गरम रस आणि कांद्याचा केक, म्हणजे मैद्याच्या पोळीवर कांदा, क्रीम, अंडं घालून भाजलेला ट्स्वीबलकूखन. त्यात बायको हिरवी मिरची घालते. इथल्या माणसांना तो तसा आवडतो, पण ते कबूल करत नाहीत.

आता काकांना उत्तर. युद्धानंतर जर्मन राबले, अगदी खरं. आठवड्याला अठ्ठेचाळीस तास आणि वर, शनिवारसकट. पण अर्थव्यवस्था जोरात उभी राहत होती नेमक्या त्याच काळात, १९५६ च्या १ मेला, इथल्या कामगार संघटनांच्या महासंघाने एक भित्तिपत्रक काढलं. त्यावर एक हसरं पोर आणि ओळ: ‘शनिवारी बाबा माझे.’ मागणी पाच दिवसांच्या, चाळीस तासांच्या आठवड्याची. साठच्या दशकात ती एकेका उद्योगात मान्य होत गेली आणि कारखाने काही बुडाले नाहीत. म्हणजे मूर्ती ज्या जर्मनांचा दाखला देतात, ते राखेतून उठता उठताच शनिवार मागत होते. रविवार तर त्याआधीच पदरात पडला होता. १९१९ च्या वायमार संविधानात, म्हणजे जर्मनीच्या पहिल्या प्रजासत्ताकाच्या संविधानात, रविवार हा कामापासून विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून राखला, आणि १९४९ च्या संविधानात ते कलम जसंच्या तसं घेतलं.

पण यासाठी जर्मनीपर्यंत यायची गरजच नाही. माझे आजोबा लालबागच्या गिरणीत साचेवाले. त्यांचा रविवार म्हणजे उशिरा उठणं, दाढी, बाजारातून पिशवीत मटण, आणि दुपारी चटईवर आडवं होऊन पोटावर पेपर. हा रविवार त्यांना आकाशातून मिळाला नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधकाने, जोतीराव फुल्यांच्या सहकाऱ्याने, १८८४ पासून गिरणी कामगारांच्या सभा घेत, अर्ज करत तो मागितला. एप्रिल १८९० मधल्या सभेला दहा हजारांच्या आसपास कामगार जमले आणि त्यात दोन बायकांनीही भाषणं केली. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार खंडोबाचाही वार, त्यामुळे तो नुसता साहेबाच्या चर्चचा दिवस आहे असंही कुणाला म्हणता येईना. वायमारच्या एकोणतीस वर्षं आधी परळ-लालबागने हे मिळवलं होतं, आणि काका, आपण त्याच घरातले.

इथपर्यंत लिहून मी ग्रुपवर टाकलं. भावाने अंगठा दिला. काका दुपारची वामकुक्षी घेत असावेत.

पण सगळं लिहिलं नव्हतं. पुढचं लिहायला अवघड गेलं.

इथला रविवार मला पहिल्यांदा कळला तो फजितीतून. पहिल्या वर्षी दिवाळीच्या आधीच्या रविवारी सकाळी अकराला आकाशकंदिलाचा हुक बसवायला मी ड्रिल लावलं. दुसरं भोक पाडेपर्यंत बेल वाजली. शेजारचे आजोबा, इस्त्रीचा शर्ट घालून. ‘आज रविवार आहे,’ एवढंच म्हणाले. मला वाटलं शुभेच्छा देताहेत. मी म्हटलं, हो, तुम्हालाही. मग कळलं की रविवारी ड्रिल नाही, गवत कापायचं यंत्र नाही, दुकानं बंद, बाटल्यासुद्धा काचेच्या पेटीत टाकायच्या नाहीत, आवाज होतो. त्या वर्षी कंदील दोरीने बांधला. कललेला होता, पण होता.

त्याच दिवाळीत भावाच्या घरी माळांचा फ्यूज उडाला. वहिनीने फोन केला, इलेक्ट्रिशियन रविवारी सकाळी नऊला हजर. चारशे रुपये घेतले, चहा घेतला, आणि पुढच्या दोन घरी जायचंय म्हणून पळाला. मला हेवा वाटला होता. इथे इलेक्ट्रिशियन तीन आठवड्यांनी येतो आणि बिल पाहून आपणच शॉक खातो, म्हणून तर प्रत्येक घरी अवजारांची पेटी आणि दर शनिवारी काहीतरी दुरुस्ती. शनिवार-रविवारची जी हौस आम्ही फोटो काढून पाठवतो, टायर बदलणं, कपाट जोडणं, भिंत रंगवणं, तिच्यातली निम्मी हौस मजुरी परवडत नाही म्हणून आहे. पण त्या इलेक्ट्रिशियनचा रविवार कुठे गेला, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. घरकामाच्या मावशींचाही नाही, आणि दहा मिनिटांत कोथिंबीर आणून देणाऱ्या पोराचाही नाही. सत्तर तासांच्या वादात आपण बोलतो ते लॅपटॉपवाल्यांबद्दल. ज्यांचे सत्तर आधीच होतात ते त्या वादात नसतात.

आणि आजी. आजोबा पेपर पोटावर घेऊन घोरत असताना ती पाट्यावर वाटण वाटत होती. १८९० ची सुट्टी लालबागच्या त्या खोलीत फक्त निम्म्यापर्यंत पोचली. सभेत बोललेल्या त्या दोघी सभा संपल्यावर घरी जाऊन स्वयंपाकालाच लागल्या असणार, याची मी पैज लावतो.

इथलं सगळं छान आहे असंही समजू नका. इथे रविवारी कुणी ‘सहज आलो’ म्हणून येत नाही. मित्राला चहाला बोलवायचं तर कॅलेंडर उघडावं लागतं. लक्ष्मीपूजनाला सुट्टी नसते, चकलीची भाजणी आई इथे येताना आणते ती उन्हाळ्यात, आणि ऑक्टोबरात ती जपून वापरायची असते. घड्याळ एक तास मागे गेलं की पाचला अंधार. आणि इथेही वारं फिरतंय: चान्सेलर मेर्त्स यांनी मे २०२५ मध्ये सांगितलं की चार दिवसांचा आठवडा आणि काम-घर समतोल यांनी देशाची समृद्धी टिकणार नाही. दिवसाला आठ तासांच्या मर्यादेऐवजी आठवड्याचा हिशेब धरायचा, असा सरकारचा विचार आहे. कँटीनमध्ये लोक त्यावर तणतणत होते तेव्हा मी काकांचा मेसेज भाषांतर करून वाचून दाखवला. सगळे जर्मन सूप ढवळत शांत झाले.

तरी मला विचाराल तर मी रविवारच्या बाजूचा. कायदा नसता तर मी स्वतःहून ड्रिल ठेवलं नसतं आणि ऑफिसचा लॅपटॉपही मिटला नसता, हे मला माझं माहीत आहे. भावाचंही तसंच. तो आळशीही नाही आणि बावळटही नाही. त्याचा साहेब रविवारी मेसेज टाकतो आणि न टाकणारा साहेब त्याला अजून भेटलेला नाही.

त्या रविवारी आम्ही किल्ला केला. आवाज न होणारं काम. फळांची पालथी घातलेली खोकी, त्यावर गोणपाट, त्यावर मातीचा चिखल, इथल्या जंगलातलं शेवाळ. लेकीला पन्हाळा हवा होता, कारण बाजीप्रभूंची गोष्ट तिला पाठ आहे. मावळे पुण्याहून आलेले, एकाची तलवार विमानात मोडली. उतारावर हिरवळीसाठी हळीव पेरायचं तर हळीव संपलं होतं, आणि मग बायकोने सुपरमार्केटमधून आणलेलं ‘क्रेसे’चं पाकीट उघडलं. तेच बी, तीच लाल-तपकिरी दाणेदार जात, भिजवल्यावर तोच बुळबुळीतपणा. बाळंतिणीचे लाडू करतो ते हळीव इथले लोक उगवून, कातरून लोणी लावलेल्या पावावर घालतात. बारा वर्षं दुकानात बघत होतो, ओळखलं नव्हतं.

थंडीमुळे उगवायला आठवडा लागला. वसुबारसेपर्यंत पन्हाळा चांगलाच हिरवा झाला होता. शेजारचे आजोबा बघायला आले, तेच ड्रिलवाले. बराच वेळ वाकून पाहिलं, कोण राजा, किती उंच, विचारलं. मग खिशातून छोटी कात्री काढली आणि लेकीला म्हणाले, जेवणासाठी थोडं मिळेल का? लेक माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, ‘बाबा, किल्लेदाराची परवानगी लागेल.’ मी ती दिली. उत्तरेकडचा बुरूज सोडून कुठूनही.