सेप्सिसवर विजया तेल? अँटिबायोटिक्स थांबवू नका

आत्याच्या फोनवर विजया तेलाबद्दल (विजया म्हणजे गांजाची वनस्पती) आलेला मेसेज असा: 'सेप्सिसमध्ये विजया तेलाचे चार थेंब जिभेखाली द्या. गांजातलं द्रव्य सेप्सिस थांबवतं हे परदेशात सिद्ध झालंय. अँटिबायोटिक्सने जंतू फुटून विष पसरतं, ती बंद करा. नैसर्गिक आहे, अपाय नाही.' आत्याच्या जाऊबाई आयसीयूत आहेत, म्हणून आजच लिहितोय.

आधी अँटिबायोटिक्सचं, कारण जीव जाईल तो या वाक्याने. काही अँटिबायोटिक्सने जंतू फुटतात आणि एंडोटॉक्सिन, म्हणजे जंतूंच्या आवरणातलं विष, बाहेर पडतं, एवढं खरं. पण औषध थांबवलं की जिवंत जंतू वाढतच राहतात, विषही वाढतं आणि सेप्सिस, म्हणजे संसर्गावर शरीराने दिलेला बेताल प्रतिसाद, मूत्रपिंडं, फुप्फुसं, यकृत निकामी करत जातो. सेप्सिसच्या उपचारांसाठीच्या 'सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेन' या आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या २०२१ च्या सूचना स्पष्ट आहेत: सेप्टिक शॉकची (सेप्सिसमुळे रक्तदाब धोकादायक पडण्याची) शंका असेल तर तासाभरात अँटिबायोटिक. कल्चरसाठी (कोणता जंतू आहे ते तपासायला) रक्त आधी काढायचं, पण त्यापायी डोस लांबवायचा नाही. रक्तदाब पडला असेल तर पहिल्या तीन तासांत किलोमागे निदान ३० मिली सलाईन, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १८०० मिली. तरी सरासरी दाब ६५ च्या वर राहिला नाही तर दाब वाढवणारं औषध नॉरॲड्रेनालिन. या क्रमात तेलाला जागा नाही.

आता थेंब. टीएचसीने, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या द्रव्याने, नाडी वाढते, दाब उतरू शकतो, गुंगी येते. सेप्सिस बिघडतोय हे ओळखायच्या खुणांतही यातल्या दोन आहेत: श्वास मिनिटाला २२ किंवा जास्त, वरचा दाब १०० किंवा कमी, माणूस भ्रमल्यासारखा. थेंब दिले की गुंगी तेलाची की आजाराची, हे नर्सला कळणार कसं? गुंगीतल्या माणसाच्या तोंडात तेल घातलं तर ते श्वासनलिकेत उतरू शकतं. सीबीडीने, म्हणजे गांजातल्या दुसऱ्या द्रव्याने, रक्तात यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात (यकृताला इजा होत असल्याची खूण), आणि आयसीयूत झोपेसाठी दिलेलं मिडाझोलाम शरीरात साचू शकतं.

'सिद्ध झालंय' म्हणतात त्याचं काय? शरीरात स्वतःची कॅनाबिनॉइड यंत्रणा (गांजातल्या द्रव्यांसारखी द्रव्यं आणि ती स्वीकारणारे रिसेप्टर) आहे आणि सेप्सिसवर तिचा उपयोग होईल का हे तपासलं जातंय, हे मान्य. पण १९९८ चा उंदरांवरचा प्रयोग मेसेजच्या नेमका उलट जातो. एंडोटॉक्सिन दिल्यावर त्यांच्या पेशींतून आनंदामाइड आणि २-एजी ही शरीराचीच कॅनाबिनॉइड द्रव्यं तयार झाली, दाब पडला, आणि ती द्रव्यं ज्यावर काम करतात तो सीबी१ रिसेप्टर अडवल्यावर पडायचा थांबला. टीएचसी तोच रिसेप्टर चालू करतं. अडवणारं औषध होतं रिमोनाबँट. लठ्ठपणावर ते २००६ मध्ये युरोपात आलं आणि नैराश्यासारख्या मानसिक त्रासांमुळे २००८ मध्ये थांबवावं लागलं.

सीबी२ या दुसऱ्या कॅनाबिनॉइड रिसेप्टरचा घोळ तर २००९ च्या दोन शोधनिबंधांतच दिसतो. दोन्हीकडे उंदराचं आंधळं आतडं बांधून सुईने भोक पाडलं, म्हणजे जंतू पोटात पसरतात. सीबी२ नसलेले उंदीर एका प्रयोगशाळेत जास्त मेले, दुसरीत कमी. उंदरांतच उत्तर एक नाही, आणि मेसेज माणसाला चार थेंब सांगतो!

'नैसर्गिक' म्हटल्याने वरचा एकही धोका टळत नाही.

कुणी थेंब आधीच दिले असतील तर लपवू नका. किती दिले, किती वाजता दिले ते डॉक्टरांना सांगा आणि बाटली लेबलसकट त्यांच्या हातात द्या.