‘एफ लिहिलंय म्हणजे एफ ट्रम्पेटच हवा’: या पाच ‘सत्यां’चं काय करायचं?

ऑर्केस्ट्रात कुठल्या पट्टीचा ट्रम्पेट वाजवावा याची ‘पाच सत्यं’ सांगणारा एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. असल्या मेसेजना उत्तर देत बसायला मला वेळ नसतो. पण माझ्या भाचीने तो पाठवून विचारलं, “मामा, माझा बी-फ्लॅट विकून टाकू का?” आता मात्र बोलणं भाग आहे. (बी-फ्लॅट म्हणजे नेहमीचा ट्रम्पेट; बी-फ्लॅट, सी, डी, एफ ही पट्ट्यांची नावं.)

पहिलं सत्य म्हणे असं: पार्टवर (वादकासमोरच्या, त्याच्या वाद्यापुरत्या स्वरलिपीवर) ज्या पट्टीचं नाव छापलंय त्याच पट्टीचा ट्रम्पेट वाजवायचा, नाहीतर तो संगीतकाराचा अपमान. हा मुद्दा इतका उलटा आहे की त्याच्यापाशी जरा थांबायलाच हवं.

चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिम्फनीत ट्रम्पेटचे पार्ट ‘एफ’मध्ये लिहिलेले आहेत. त्या काळचा एफ ट्रम्पेट म्हणजे सुमारे दोन मीटर लांब नळी (नळी जितकी लांब तितका सूर खालचा), आपल्या बी-फ्लॅटपेक्षा (सुमारे दीड मीटर) चांगलीच लांब. आज ‘एफ ट्रम्पेट’ म्हणून मिळतो तो साधारण एक मीटरचा, म्हणजे बरोबर निम्मा. मेसेजचं ऐकून कोणी तो विकत घेतला तर संगीतकाराच्या मनातल्या भारदस्त आवाजापासून तो बी-फ्लॅट वाजवणाऱ्यापेक्षाही लांब जाईल. वर त्याची समजूत अशी, की मी एकटाच प्रामाणिक!

बाखचंही तेच. बी मायनर मासमधले ट्रम्पेट ‘डी’मध्ये आहेत. तो डी म्हणजे व्हॉल्व्ह (बोटांनी दाबून नळीची लांबी बदलणारी कळ) नसलेली सव्वादोन मीटरच्या वरची नळी. आजचा डी ट्रम्पेट तिच्या निम्मा. आणि बहुतेक वादक आज तो पार्ट ए पट्टीच्या पिकोलोवर, म्हणजे अगदी छोट्या ट्रम्पेटवर, वाजवतात, जो जेमतेम तिसरा हिस्सा भरतो. व्हॉल्व्ह येण्याआधी वादक नळीचे जादा तुकडे लावून पट्टी बदलायचे, आणि कुठला तुकडा लावायचा ते पार्टवर लिहिलेलं असायचं. व्हॉल्व्हचं पेटंट 1818 चं, पण लिहिण्याची सवय पुढे कितीतरी वर्षं टिकली. द्वोर्झाकच्या नवव्या सिम्फनीत ट्रम्पेटच्या पार्टवर ई, सी आणि ई-फ्लॅट अशी तीन नावं येतात. मेसेजवाल्यांच्या हिशोबाने एका सिम्फनीसाठी तीन ट्रम्पेट मांडीवर घेऊन बसायचं की काय?

दुसरं सत्य नुसतं चुकीचं नाही, ते ओठांवर बेतणारं आहे: “लहान ट्रम्पेट घ्या, उंच स्वर आपोआप निघतात.”

आपोआप काहीही निघत नाही. ट्रम्पेटमध्ये कंप पावतात ते वाजवणाऱ्याचे ओठ. वरचा डी म्हणजे सेकंदाला साधारण 1175 कंपनं. नळी दीड मीटरची असो की पाऊण मीटरची, ओठांना तेवढ्याच वेळा थरथरावं लागतं. फरक पडतो तो वेगळ्याच ठिकाणी. एकाच नळीतून ओठांच्या बदलाने निघणाऱ्या स्वरांच्या शिडीतली पायरी म्हणजे हार्मोनिक. हाच डी बी-फ्लॅटवर दहावा हार्मोनिक आहे आणि बी-फ्लॅट पिकोलोवर पाचवा. दहाव्याचे शेजारी एका स्वराच्या आतच दाटीने उभे असतात. ओठ किंचित ढळले की स्वर शेजाऱ्याच्या घरात. पाचव्याचे शेजारी दोन्ही बाजूंना तीन-चार अर्धस्वर दूर. म्हणजे पिकोलोने मिळतो तो नेम. ताकद आणि दम स्वतःचाच लागतो.

आर्थर बेनेड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने हे फार नीट उलगडून दाखवलंय. खालच्या स्वरात त्या स्वराचे अनेक हार्मोनिक (इथे त्यात मिसळलेली दुप्पट, तिप्पट कंपनं) नळीच्या अनुनादांशी, म्हणजे नळी ज्या कंपनांना जोरात घुमते त्यांच्याशी, जुळतात आणि सगळे मिळून ओठांना आधार देतात. पण बी-फ्लॅट ट्रम्पेटच्या बेलपाशी (पुढच्या पसरट तोंडाशी) साधारण 1500 हर्ट्झच्या वर ध्वनी परत फिरतच नाही, बाहेर निघून जातो. वरच्या डीचा दुसराच हार्मोनिक 2350 च्या आसपास. तो त्या रेषेच्या पार पलीकडे. त्यामुळे तिथे नळीचा आधार तुटपुंजा आणि जवळजवळ सगळा भार ओठांवर. हे न कळता पोरं पिकोलो घेतात, स्वर निघत नाही म्हणून माउथपीस दातांवर दाबतात आणि ओठ सुजवून घेतात. ओठाभोवतीचा स्नायू फाटण्याच्या दुखापतीला लुई आर्मस्ट्राँगच्या टोपणनावावरून ‘सॅचमो सिंड्रोम’ म्हणतात, ते उगाच नाही.

तिसऱ्यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. “ऑर्केस्ट्रा म्हणजे सी ट्रम्पेट” हे अमेरिकेपुरतं बरंचसं खरं. बोस्टनच्या ऑर्केस्ट्रात ट्रम्पेटवादक जॉर्ज माजेर, मग त्यांचे शिष्य अडॉल्फ हर्सेथ, जे 1948 पासून 2001 पर्यंत शिकागोच्या ऑर्केस्ट्राचे मुख्य ट्रम्पेटवादक होते. या मंडळींमुळे तिकडे सी पक्का झाला. सोयही आहे: ईमधला पार्ट सीवर चार अर्धस्वर वर वाचायचा, बी-फ्लॅटवर सहा. पण ब्रिटनमध्ये बी-फ्लॅटवर पिढ्यानपिढ्या ऑर्केस्ट्रा वाजले, आणि जर्मनी-ऑस्ट्रियात तर व्हॉल्व्हच वेगळे, फिरणारे. सीची स्वतःची दुखणीही आहेत. वरचे ई आणि ई-फ्लॅट उतरतात, म्हणून कित्येक वादक तिथे नेहमीची बोटं सोडून ईला पहिला-दुसरा आणि ई-फ्लॅटला दुसरा-तिसरा व्हॉल्व्ह दाबतात. मेसेजमध्ये याबद्दल एक अक्षर नाही. शिवाय शेजारचे दोघं काय वाजवतायत त्यावरही निवड ठरते. सूर आणि रंग सेक्शनचा जुळायला हवा, एकट्याचा नाही.

चौथं, “श्रोत्याला पट्टी लगेच ओळखू येते”, यावर शब्द खर्च करत नाही. पडद्याआडून वाजवून बघा, वादकांचीच पंचाईत होईल.

राहिलं शेवटचं, “ट्रान्सपोज करणं (लिहिलेला स्वर मनातल्या मनात आपल्या वाद्याच्या पट्टीत बदलून वाजवणं) आता जुनाट झालं.” ऑडिशनला ब्राह्म्सच्या दुसऱ्या सिम्फनीचा पार्ट समोर आला की त्यावर ‘डी’च छापलेलं असतं, आणि ते कोणी तुमच्यासाठी पुन्हा लिहून देत नाही. भाचीला एवढंच कळवलंय: बी-फ्लॅट विकू नकोस, रोज एक पान डीमधून आणि एक एफमधून वाच, आणि सी घ्यायचाच असेल तर आधी कोणाचातरी उसना घेऊन महिनाभर वाजवून बघ.