फोन माझा, पहारा कंपनीचा
ऑफिसचा ईमेल स्वतःच्या फोनवर घ्यायचा तर कंपनीचे ॲप टाकावे लागते, आणि ते टाकताच परवानगी मागितली जाते ती स्क्रीन लॉक करण्याची, फोनमधला सगळा डेटा पुसून टाकण्याची! हप्ते मी भरते, रिचार्ज माझा, आत लेकीचे फोटो आणि आईचे रिपोर्ट. ते पुसण्याचा अधिकार आयटी विभागाला कोणी दिला? हजेरीसाठी फोनवरून घेतले जाणारे लोकेशन कंपनीला रविवारी कशाला हवे? खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमताने सांगितले, तरीही २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने नोकरीच्या कारणासाठी संमतीविना माहिती वापरण्याची वाट मालकांना मोकळी ठेवलीच. एचआरचे उत्तर ठरलेले: ‘सगळ्यांनी सही केली आहे.’ नोकरी जाण्याच्या धाकाने केलेली सही संमती कशी ठरते? कंपनीने वेगळा फोन द्यावा.